स्टेशनच्या नावात ‘बंदर’ कुठून आलं?

पंचवटीने मुंबई गाठलीत, की शेवटचं स्टेशन सीएसएमटी. आईबाबा अजून त्याला व्हीटी म्हणत असतील. आजोबांना विचारा, ते ‘बोरीबंदर’ म्हणतील. आता जरा थांबून विचार करा. रेल्वे स्टेशनच्या नावात ‘बंदर’ कशाला? तिथे तर समुद्र दिसतही नाही!

एके काळी दिसायचा. बोरीबंदर हा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचा गलबतं लागायचा धक्का. पुढे भराव पडत गेले, गोद्या बांधल्या गेल्या आणि पाणी लांब सरकलं. पण देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली ती या धक्क्याशेजारून. ती ठाण्यापर्यंत गेली. ठाणंही खाडीकाठचं गाव. म्हणजे आपली पहिली रेल्वे एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत धावली. ती धावावी म्हणून ज्यांनी आपलं वजन खर्च केलं, त्यातलं ठळक नाव जगन्नाथ शंकरशेट, मुंबईचे नाना.

शाळेत संस्कृत घेतलं असेल, तर हे नाव तुम्ही ऐकलंय. दहावीला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळते ती ‘शंकरशेट’ शिष्यवृत्ती यांच्याच नावाची. पण बहुतेकांची ओळख तिथेच संपते.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराणं मुरकुटे, दैवज्ञ, पिढीजात व्यापारी. वडील १८२२ मध्ये गेले तेव्हा नाना जेमतेम एकोणीस वर्षांचे. म्हणजे तुमच्या एस.वाय.च्या वयात या मुलाच्या हातात अख्खी पेढी आली. पैसा उडवायला ते वय पुरेसं होतं. यांनी तो वाढवला. अरब, अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेत ठेवण्याऐवजी नानांकडे ठेवत, एवढी त्यांची पत. ही पत लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

आता नाशिककर म्हणून तेव्हाचा मुंबईचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून निघायचा. थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, उतरायचा. भिवंडीच्या पुढे खाडी आडवी. तिथे तरीत बसा, नाहीतर माल पडावात भरा. पाऊस लागला, की घाटात चिखल आणि समुद्रात गलबतं बंद. कापूस भिजायचा, मळायचा, वाटेतच अडकून पडायचा. मुंबईत जहाज उभं आणि माल घाटाच्या वर, असा सगळा खेळ. ज्याचा धंदा मालाच्या येण्या-जाण्यावर चालतो, त्याला ही अडचण कुणी समजावून सांगावी लागत नाही.

इंग्लंडमध्ये रेल्वे धावू लागली होतीच. १८४५ मध्ये मुंबईत रेल्वेसाठी मंडळ उभं राहिलं. त्यात नाना होते आणि जमशेटजी जीजीभॉयही. गिरगावातल्या नानांच्या वाड्याचा काही भाग रेल्वेच्या कचेरीला दिला होता, असं सांगतात. जागेपेक्षाही मोलाची होती ती त्यांची पत. या नव्या यंत्राबद्दल लोकांना धाक होता, अफवांना ऊत होता. नानांसारखा माणूस त्यात आहे म्हटल्यावर शहरातल्या व्यापाऱ्यांना धीर आला.

१८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी कायद्याने उभी राहिली. दहा संचालकांत हिंदी माणसं दोनच, नाना आणि जमशेटजी. इथे मात्र नीट बघा. कंपनी लंडनची. भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी, आणि ती पुरी करायची हिंदुस्थानच्या तिजोरीतून. गाडी तोट्यात गेली तरी विलायतेतला गुंतवणूकदार निवांत! मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, म्हणून रूळ बंदरापासून घाटाकडे निघाले. शेतकऱ्याची सोय हा कुणाचा पहिला हेतू नव्हता.

नानांना हे कळत नव्हतं का? मला तसं वाटत नाही. कारण गाडीची तयारी चालू असतानाच, २६ ऑगस्ट १८५२ ला मुंबईत ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिचे अध्यक्ष होते नाना. कंपनी सरकारच्या सनदेचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. असोसिएशनने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला, की कारभारात हिंदी लोकांना वाटा द्या. एकीकडे साहेबाबरोबर रेल्वे आणि दुसरीकडे साहेबाविरुद्ध तक्रार. आजच्या भाषेत कुणी याला डबल गेम म्हणेल. मला तो हिशोबी माणसाचा व्यवहार वाटतो. रूळ येतायत तर येऊ द्या, पण ते कुणाच्या पैशाने आणि कुणासाठी, हेही विचारू.

१६ एप्रिल १८५३. शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांची सलामी झाली. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढले. आत सुमारे ४०० पाहुणे, त्यात नानाही. वाटेत दुतर्फा गर्दी. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र आदल्याच दिवशी थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. एवढा सोहळा चुकवणारा माणूस विरळाच! ३४ किलोमीटरवर ठाणं आलं आणि त्या दिवसापुरते रूळ संपले. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, ठाण्याच्या खाडीवरून पूल ओलांडून गाडी कल्याणला पोचली. कल्याणही जुनं बंदर. जिथे जिथे रूळ गेले, तिथल्या तरवाल्यांचा आणि पडाववाल्यांचा धंदा उतरणीला लागला. त्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली नाहीत.

नाना इकडे आणखी दहा कामांत. मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली, तीही लोकांची टीका सोसून. एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल, जे. जे. कला महाविद्यालय, राणीची बाग, या सगळ्यांच्या उभारणीत त्यांचा हात. १८५७ च्या उठावात मात्र याच माणसावर सरकारने संशय घेतला, चौकशी केली. काही निघालं नाही. १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमलं.

दरम्यान रूळ आपल्याकडे सरकत होते. १८६१ ला कसारा. पुढे मोठा अडसर, घाट. ३७ फुटांत एक फूट असा चढ, बोगदे, दऱ्यांवरचे पूल. घाटाच्या कामावर रोगराईने आणि अपघाताने किती मजूर गेले, त्यांची धड मोजदादही झाली नाही. आजही कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात आणि धक्का बसून तुमचा चहा सांडतो, तो याच चढामुळे. १ जानेवारी १८६५ ला घाटातून गाडी इगतपुरीला आली. समुद्राचा धक्का आणि सह्याद्रीचा माथा एका रुळावर आले.

त्यानंतर सात महिन्यांनी, ३१ जुलै १८६५ ला नाना गेले. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या चौकाला आज नाना चौक म्हणतात. आणि सीएसएमटीला उतरून पंधरा मिनिटं चालायची तयारी असेल, तर एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये जा. तिथे पागोटं घातलेला त्यांचा संगमरवरी पुतळा आहे.