सोडियमच्या पिवळ्या रेषेमुळे लॉकियर यांना हेलियम सापडला, पण विजयदुर्गावर नाही!

मीठ घातलेल्या भाताचं पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. हे काम मिठातल्या सोडियमचं.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. १० आतल्या कक्षांत घट्ट बसलेले आणि सगळ्यात बाहेर एकटाच. उष्णता मिळाली की तो वर उडी मारतो, खाली येताना पिवळा प्रकाश सोडतो. लिथियम, पोटॅशियम या त्याच्या भावंडांकडेही बाहेर एकच इलेक्ट्रॉन, फक्त रंग वेगळे. लिथियमचा लाल, पोटॅशियमचा जांभळट.

सोडियमच्या याच पिवळ्या रंगानं नॉर्मन लॉकियर यांचं आयुष्य बदललं.

जन्म १८३६ चा, इंग्लंडमधल्या रग्बी गावचा. नोकरी लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनाची, पण नाद दुर्बिणीचा. १८ ऑगस्ट १८६८ ला भारतात खग्रास सूर्यग्रहण झालं. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये एक पिवळी रेषा दिसली. काहींनी ती सोडियमचीच धरली.

लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहण नसतानाही त्या ज्वाळांचा वर्णपट पकडला. आजच्या मापात सांगायचं तर सोडियमच्या दोन रेषा ५८९ आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, ही होती ५८७.६ वर. फरक अगदी थोडा, पण सोडियम नव्हता हे पक्कं. मग हे नवंच मूलद्रव्य असणार. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले.

अनेकांना ते पटलं नाही. शेवटी १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना पृथ्वीवरच्या खनिजात हेलियम मिळाला. इलेक्ट्रॉन तर सापडला १८९७ मध्ये. म्हणजे सोडियमची खूण लॉकियर यांनी आधी वापरली, तिच्यामागचं कारण जगाला नंतर कळलं.

मग विजयदुर्ग कुठून आला? २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी लॉकियर खरोखर तिथे आले होते. त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दुर्बीण लावून बसले होते.

लॉकियर १९२० मध्ये वारले. विजयदुर्गावर आजही 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. साहेब आले होते हे खरंच, पण हेलियमच्या शोधानंतर तीस वर्षांनी. १८ ऑगस्टला मेसेज फॉरवर्ड करताना तेवढं लक्षात ठेवा.