ख्रिस्तवासी नारायण वामन टिळक व त्यांचा देवाचा दरबार



आपल्या प्रभूने दुःखसहनाच्या आदल्या रात्री शिष्यांना परस्परांवर प्रीती करण्याची नवी आज्ञा दिली, आणि ते सर्व एक असावेत अशी पित्याजवळ प्रार्थनाही त्याच रात्री केली. आज्ञा व प्रार्थना ही दोन्ही एकाच भोजनप्रसंगीची आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. श्रद्धावंतांची एकी ठरावांनी अथवा नियमांनी उत्पन्न होत नाही. ती प्रीतीचे फळ होय. आणि ज्या प्रीतीसाठी काही सोसावे लागत नाही, तिला हे फळ क्वचितच येते.

ह्या सत्याचे उदाहरण शोधण्यास आपणांस फार दूर जावयास नको. कराडहून सुमारे पन्नास किलोमीटरांवर असलेल्या सातारा शहरी १९१७ साली एका मराठी कवीने देवाचा दरबार ह्या नावाची बंधुमंडळी स्थापन केली. त्या कवीचे नाव नारायण वामन टिळक. फुलांमुलांचे कवी म्हणून ते मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेतच. ते कॅथॉलिक नव्हते. तथापि आपल्या ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेत त्यांस स्थान का द्यावे, हे त्यांचे चरित्रच सांगेल.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. माता जानकीबाई भाविक होत्या व त्यांस काव्याची गोडी होती. वडील कडक स्वभावाचे होते. मातेच्या निधनानंतर लहान वयातच नारायणरावांनी घर सोडले व ते नाशिकास आले. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० साली त्यांचा विवाह जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी झाला. ह्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास विख्यात झाल्या. टिळकांचा स्वभाव उदार व तितकाच अस्थिर. आज एका गावी तर उद्या दुसऱ्या, अशी त्यांची बहुत वर्षे गेली. संसाराचा सारा भार लक्ष्मीबाईंवर पडे.

ह्या भ्रमंतीत एक विचार मात्र त्यांच्या मनातून कधी गेला नाही. आपला देश जातिभेदाने विदीर्ण झाला आहे आणि ह्या भेदांची मुळे उपटून काढील असा धर्म देशास हवा आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्यांचे काव्यावर व धर्मावर संभाषण झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांस पवित्र शास्त्राचे पुस्तक दिले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी केवळ दिलेला शब्द पाळावा म्हणून ते पुस्तक वाचावयास घेतले. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांचे मन तेथेच खिळून राहिले. पुढे चिंतन, वाचन व अंतःकरणातील झगडा ह्यांत काळ गेला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ज्या धर्मात त्यांस ऐक्य दिसले, त्या धर्माच्या दाराशीच त्यांचे घर दुभंगले. लक्ष्मीबाईंवर तर आकाश कोसळल्यासारखे झाले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने राहू लागल्या, आणि पतिपत्नींचा वियोग कित्येक वर्षे चालला. ह्या काळातील टिळकांचे वर्तन आपण विशेष पाहावे. त्यांनी पत्नीवर बळजोरी केली नाही, की तिला अंतरही दिले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवीत राहिले व वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) आल्या, तेव्हा त्यांचे सोवळे, त्यांची वेगळी चूल व वेगळे पाणी ह्यांसह आल्या. टिळकांनी ते सारे चालू दिले.

मग जे झाले ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने झाले. जात ही देवाने निर्मिलेली नसून मनुष्याने निर्मिलेली आहे, असा त्यांच्या बुद्धीचा निश्चय झाला. आणि निश्चय होताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत त्यांनी आपल्या स्मृतिचित्रे ह्या ग्रंथात मोठ्या निर्मळपणे व विनोदाने लिहून ठेवली आहे. हुकमाने जे पाच दिवसांत झाले नसते, ते वाट पाहणाऱ्या प्रीतीने पाच वर्षांत झाले. हाताखालचा मनुष्य हुकमाने मुकाट होतो, परंतु एक होत नाही.

अहमदनगरात टिळक वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. तेथे त्यांनी धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन केले, १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्या भागातील ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेले बंधू बहुसंख्य होते. ज्यांची सावलीही टाळावी असे बालपणी शिकविले गेले, त्यांच्याच पंक्तीस हा ब्राह्मण कवी बसला. अनाथ मुलांना त्यांच्या घरी आसरा मिळे. प्रसिद्ध कवी बालकवी ठोमरे हे ख्रिस्ती नव्हते. तरीही टिळकांच्या घरी ते पुत्राप्रमाणे राहिले. लक्ष्मीबाई ओरडत, हिशेब मांडत, आणि अखेरीस पानही वाढत.

आपल्या लोकांनी आपल्याच वाणीत देवाचे गुणगान करावे, ही टिळकांची दुसरी तळमळ. परक्या चालीवर बसविलेली भाषांतरित गीते त्यांस अपुरी वाटत. तुकोबांच्या अभंगांनी आपणांस ख्रिस्तचरणांकडे येण्यास साहाय्य केले, असे ते उघडपणे सांगत. म्हणून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन ह्या महाराष्ट्राच्या मार्गांनी प्रभूचे गुण गाइले. ख्रिस्तायन हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी आरंभिले. ते अपुरे राहिले, तेव्हा अल्पशिक्षित लक्ष्मीबाईंनी ते हाती घेऊन पुढे नेले. येथे आपणां कॅथॉलिकांस येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण गोव्यातील राचोल येथे १६१६ साली छापले गेले. एक इंग्लंडातून आलेला कॅथॉलिक धर्मगुरू, दुसरा कोकणातील प्रॉटेस्टंट कवी. दोघांच्या मध्ये तीनशे वर्षांचे अंतर, आणि दोघांच्या ओवीचा नायक एकच.

मिशनच्या छायेत राहत असता टिळकांस एक शल्य बोचत असे. परदेशी मिशनरी व देशी ख्रिस्ती ह्यांच्यातील नाते पुष्कळदा बंधुत्वाचे नसून देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे होते. जेथे एक नित्य देतो व दुसरा नित्य घेतो, तेथे आदर असू शकेल, उपकारही असू शकेल. पण बरोबरीची प्रीती जगणे कठीण. शिवाय ख्रिस्ती माणसांतही पंथांची कुंपणे होती. टिळकांनी मिशनऱ्यांचा द्वेष केला नाही. त्यांच्यात त्यांचे जिवलग स्नेही होते. त्यांनी केवळ स्वतःचे वेतन सोडले. वयाच्या छपन्नाव्या वर्षी, देहप्रकृती खालावलेली असता, निश्चित मिळकतीवर पाणी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि १९१७ साली ते साताऱ्यास आले.

देवाचा दरबार तो हाच. नवा पंथ काढण्याचा त्यांचा हेतू नव्हता. कोणत्याही मंडळीचा ख्रिस्ती असो, अथवा बाप्तिस्मा न घेतलेला ख्रिस्तभक्त असो, सर्वांनी एका प्रभूभोवती भावंडांप्रमाणे जमावे. जात, पंथ, देशी व विदेशी हे भेद दाराबाहेर ठेवावेत, अशी ती कल्पना होती. ह्या दरबारास राजवाडा नव्हता, खजिनाही नव्हता. दोन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच टिळकांची प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे दरबाराचे कार्य ओसरले.

येथे धर्मगुरू ह्या नात्याने एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाप्तिस्मा हे ख्रिस्तसभेचे दार होय, आणि ख्रिस्तप्रसाद हे तिच्या ऐक्याचे केंद्र होय, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून दरबाराच्या साऱ्याच कल्पना आपणांस मान्य होतील असे नाही. मतभेद झाकून ठेवणे ही प्रीती नव्हे. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजीच्या ऐक्यविषयक आदेशात, आपल्यापासून विभक्त असलेले बाप्तिस्माप्राप्त ख्रिस्ती आपले बंधूच आहेत असे शिकविले आणि फुटीचा दोष दोन्ही बाजूंकडे होता हेही मान्य केले. कराडकरांस हे समजावून सांगण्यास दृष्टांत शोधावा लागत नाही. कृष्णा व कोयना ह्या दोघींचा उगम महाबळेश्वरच्याच डोंगरात आहे. तेथून त्या दोन खोऱ्यांनी दूर जातात आणि आपल्या गावी समोरासमोर येऊन मिळतात. ह्या स्थळास पूर्वजांनी शक्तिसंगम म्हटले नाही, प्रीतिसंगम म्हटले. येथून पुढे पाणी एकच.

टिळकांचे बी वाया गेले, असे कोणी म्हणू नये. अँग्लिकन धर्मगुरू जे. सी. विन्स्लो ह्यांनी १९२३ साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि देशी व विदेशी बंधूंनी एकत्र राहावयाचा ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. टिळकांची गीते तर मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गाइली जातात. गाणारा कोणत्या मंडळीचा, हे गीत विचारीत नाही.

आता आपल्याविषयी. ज्युबिलीच्या वर्षी मंदिरास रंग देणे, मिरवणूक काढणे व पुस्तिका छापणे हे सोपे आहे. आपल्या धर्मग्रामात कोणी गोव्याकडील, कोणी नगरकडील, कोणी दक्षिणेकडील. कोणी पिढ्यान्‌पिढ्यांचे, तर कोणी नोकरीनिमित्त काल आलेले. एकाच बाकावर बसणारी दोन कुटुंबे परस्परांच्या लग्नास जात नसतील, एकाच आईची दोन लेकरे जमिनीच्या तुकड्यावरून अबोला धरून असतील, तर आपण अजून दरबाराबाहेरच उभे आहोत. टिळकांनी आरंभ सभेपासून केला नाही, घरापासून केला. आणि प्रथम स्वतःची वस्तू सोडली, दुसऱ्याची नव्हे.

ज्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांस धरून ठेवले, त्याच प्रवचनात प्रभूने एक साधी रीत घालून दिली आहे. वेदीजवळ अर्पण आणले असता, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावयास जावे, मग येऊन अर्पण करावे. ज्युबिलीच्या मिस्साबलिदानास येण्यापूर्वी ज्याला ज्याला असे एखादे घर आठवेल, त्याने त्या घराची पायरी चढावी. मिस्सास थोडा उशीर झाला तरी चालेल. वेदी आपल्या जागी आहे.