सात सामन्यांचे कारभारी : जो मर्सर

राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक अचानक पायउतार होतो, त्याच्या जागी कुणाची तरी हंगामी नेमणूक होते आणि पहिल्या दोन-चार सामन्यांतच त्याच्याविषयी निवाडे सुरू होतात. दोन विजय मिळाले की त्याला कायम करण्याची मागणी होते. एक पराभव झाला की तो या पदाला कधीच योग्य नव्हता, असे ठरते. अशा घाईच्या वेळी इंग्लंडचे जो मर्सर आठवावेत. १९७४ मध्ये अवघ्या २६ दिवसांत त्यांनी इंग्लंडच्या संघाचे सात सामने सांभाळले. तीन जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, एक गमावला. त्यानंतर पदाला चिकटून न राहता ते बाजूला झाले. एवढ्या आकड्यांवरून मर्सर यांचे मोल ठरत नाही. त्या सात सामन्यांमागे चार दशकांचे फुटबॉल उभे होते.

एलस्मिअर पोर्ट ते एव्हर्टन

जोसेफ मर्सर यांचा जन्म ९ ऑगस्ट १९१४ रोजी चेशायरमधील एलस्मिअर पोर्ट येथे झाला. वडीलही व्यावसायिक फुटबॉलपटू होते. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ते खेळले होते. पहिल्या महायुद्धाने त्यांची प्रकृती पोखरली आणि मुलगा लहान असतानाच ते निवर्तले. फुटबॉलचे वेड मात्र घरात राहिले. १९३२ मध्ये मर्सर एव्हर्टन क्लबमध्ये दाखल झाले. बारीक, काहीसे वाकडे पाय ही त्यांची ओळख होती. ते पाय पाहून प्रथमदर्शनी कुणी त्यांना खेळाडू मानले नसते, परंतु प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घेण्यात आणि पुढची चाल आधीच ओळखण्यात हा डावा हाफबॅक वाकबगार होता. १९३८-३९ च्या मोसमात एव्हर्टनने लीग अजिंक्यपद मिळवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याच काळात ते इंग्लंडकडून पाच अधिकृत सामने खेळले.

तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे लष्करातील शारीरिक प्रशिक्षकाच्या कामात गेली. युद्धकाळातील सामन्यांत क्लिफ ब्रिटन, स्टॅन कलिस आणि मर्सर ही हाफबॅकची त्रयी इंग्लंडमध्ये गाजली. मर्सर यांनी संघाचे नेतृत्वही केले. मात्र युद्धकाळातील त्या सामन्यांची अधिकृत नोंदींत गणना झाली नाही.

आर्सेनलमधील दुसरा डाव

युद्ध संपल्यावर गुडघ्याच्या दुखापतीवरून एव्हर्टनच्या व्यवस्थापनाशी त्यांचे बिनसले. दुखापत खरी असताना त्यांच्या प्रयत्नांवरच शंका घेतली गेली. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. १९४६ च्या अखेरीस नऊ हजार पौंडांच्या मोबदल्यात ते आर्सेनलला गेले. तेव्हा त्यांचे वय ३२ होते आणि आर्सेनल गुणतक्त्याच्या तळाशी घुटमळत होता. मर्सर यांचा वॉलसी येथे किराणा मालाचा व्यवसाय होता. तो सोडून लंडनला स्थायिक होण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून सराव मर्सीसाइडला आणि सामना लंडनच्या संघाकडून, अशी अजब तडजोड झाली.

ही तडजोड आर्सेनलच्या पथ्यावर पडली. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने १९४८ आणि १९५३ मध्ये लीग जिंकली, १९५० मध्ये एफए कपही पटकावला. त्या कपच्या अंतिम फेरीत समोर लिव्हरपूल होता. म्हणजे ज्या क्लबच्या मैदानावर ते एरवी सराव करत, त्यालाच त्यांनी हरवले. त्याच वर्षी फुटबॉल पत्रकारांनी त्यांची वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली. एप्रिल १९५४ मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्याच सामन्यात स्वतःच्या सहकाऱ्याशी टक्कर होऊन त्यांचा पाय मोडला. स्ट्रेचरवरून मैदानाबाहेर जाताना त्यांनी प्रेक्षकांकडे पाहून हात हलवला. वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द संपली.

प्रशिक्षकपद आणि प्रकृती

१९५५ मध्ये शेफिल्ड युनायटेडने त्यांच्याकडे सूत्रे सोपवली. पहिल्याच मोसमात संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. डिसेंबर १९५८ मध्ये ते अ‍ॅस्टन व्हिलाला गेले. तेथेही पहिल्या मोसमाअखेर पदावनती वाट्याला आली. पुढच्याच वर्षी त्यांनी संघाला पुन्हा वरच्या श्रेणीत नेले आणि १९६१ मध्ये पहिलावहिला लीग कप जिंकून दिला. पहिल्या काही महिन्यांच्या निकालांवरून प्रशिक्षक पारखायचा, तर मर्सर दोन्ही क्लबांत नापास ठरले असते.

या यशाची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ते सावरत असतानाच व्हिलाशी असलेला त्यांचा संबंध संपुष्टात आला. प्रशिक्षकपद माणसाला किती पिळून काढते, हे त्यांना या वर्षी स्वतःच्या देहावर कळले. दहा वर्षांनी इंग्लंडचे पद समोर आले तेव्हा त्यांनी जो निर्णय घेतला, त्याची मुळे याच अनुभवात आहेत.

१९६५ मध्ये मँचेस्टर सिटीने त्यांना बोलावले. सिटी तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. मर्सर यांनी प्रकृतीची मर्यादा ओळखली आणि मैदानावरील कामासाठी तरुण, धडाडीचे माल्कम अ‍ॅलिसन यांना सोबत घेतले. डावपेच आणि सराव अ‍ॅलिसन यांच्याकडे, तर माणसे जोडणे, वादळे शमवणे आणि अंतिम शब्द मर्सर यांच्याकडे, अशी वाटणी झाली. माइक समरबी, कॉलिन बेल आणि फ्रान्सिस ली यांना त्यांनी क्लबमध्ये आणले. १९६६ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे, १९६८ मध्ये पहिल्या श्रेणीचे अजिंक्यपद, १९६९ मध्ये एफए कप, १९७० मध्ये लीग कप आणि व्हिएन्नातील अंतिम फेरीत पोलंडच्या गुर्निक झाब्झेला २-१ असे नमवून युरोपीय कपविजेत्यांचा कप, अशी ही चढती कमान होती.

पुढे अ‍ॅलिसन यांना एकट्याचा कारभार हवासा वाटू लागला. क्लबच्या मालकीवरून संचालकांत संघर्ष पेटला आणि त्यात मर्सर बाजूला पडत गेले. १९७२ मध्ये सिटी सोडून ते कॉव्हेंट्री सिटीत सरव्यवस्थापक म्हणून रुजू झाले. खुर्चीसाठी माणसे कशी बदलतात, हेही आता त्यांनी पाहिले होते.

इंग्लंडचा पडता काळ

१७ ऑक्टोबर १९७३ रोजी वेम्बलीवर पोलंडने इंग्लंडला १-१ असे रोखले आणि १९६६ चा जगज्जेता पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाला मुकला. त्या जगज्जेतेपदाचे शिल्पकार सर आल्फ रॅम्से यांना पदावरून दूर केल्याचे १ मे १९७४ रोजी जाहीर झाले. ब्रिटिश बेटांतील चार संघांची वार्षिक स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. त्यानंतर पूर्व युरोपचा दौरा ठरलेला होता. कायमचा वारसदार मिळेपर्यंत संघ सांभाळण्यासाठी फुटबॉल संघटनेने ५९ वर्षांच्या मर्सर यांना पाचारण केले.

रॅम्से यांची शिस्त करडी होती. पोलंडविरुद्धच्या सामन्यानंतर त्या शिस्तीवर निराशेची छाया पसरली होती. मर्सर यांनी नवे डावपेच शिकवण्याचा आव आणला नाही. तेवढा वेळही नव्हता. वातावरण मोकळे करणे आणि ज्यांना चेंडूशी खेळण्याची हौस आहे त्यांना संधी देणे, एवढेच त्यांनी ठरवले. लिव्हरपूलचा एम्लिन ह्यूज कर्णधार झाला. स्टॅन बोल्स, कीथ वेलर, फ्रँक वर्दिंग्टन अशी रंगेल, कलंदर वृत्तीची मंडळी संघात दिसू लागली.

२६ दिवस, सात सामने

११ मे रोजी कार्डिफ येथे वेल्सवर २-० अशी मात झाली. बोल्स आणि केव्हिन कीगन यांनी गोल केले. १५ मे रोजी वेम्बलीवर वेलरच्या गोलमुळे उत्तर आयर्लंडला १-० असे हरवले. मात्र मोकळिकीची दुसरी बाजूही लगेच दिसली. या सामन्यात बदलले गेल्याने रुसलेला बोल्स शिबिर सोडून निघून गेला. १८ मे रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडने इंग्लंडला २-० असे नमवले. दोन्ही वेळा चेंडू इंग्लंडच्याच बचावपटूंना लागून जाळ्यात गेला, तरी स्कॉटलंडचा विजय निर्विवाद होता. गुण समान झाल्याने स्पर्धेचे जेतेपद दोघांत विभागले गेले.

मर्सर यांच्या छोट्याशा कारकिर्दीतील कसोटीचा क्षण हाच होता. हंगामी प्रशिक्षकाने अशा वेळी जुन्या, नावाजलेल्या खेळाडूंच्या आडोशाला जाणे स्वाभाविक मानले जाते. मर्सर उलट दिशेने गेले. १९६६ च्या अंतिम सामन्यात गोल करणारा मार्टिन पीटर्स हॅम्पडेननंतर पुन्हा इंग्लंडच्या संघात दिसला नाही. ट्रेव्हर ब्रुकिंगसारख्या मृदू स्पर्शाच्या खेळाडूला मधल्या फळीत जागा मिळाली, अ‍ॅलेक लिंडसेने बचावफळीत पदार्पण केले.

२२ मे रोजी वेम्बलीवर अर्जेंटिनाविरुद्ध मिक शॅनन आणि वर्दिंग्टन यांच्या गोलांमुळे इंग्लंडने दोन गोलांची आघाडी घेतली. पण तरुण मारिओ केम्पेसने दोन्ही गोल फेडले. त्यातला दुसरा पेनल्टीवर, सामना संपता संपता झाला. मध्यंतराला मैदान सोडताना ह्यूजला अर्जेंटिनाच्या खेळाडूचा ठोसाही खावा लागला. तरीही इंग्लंडचा खेळ पाहताना प्रेक्षकांना अनेक महिन्यांनी आनंद मिळाला होता.

मग दौरा सुरू झाला. २९ मे रोजी लाइपझिग येथे पूर्व जर्मनीने घेतलेली आघाडी शॅननने फ्री किकवर लगेच भरून काढली आणि सामना १-१ असा सुटला. १ जून रोजी सोफियात वर्दिंग्टनच्या एकमेव गोलने बल्गेरियाचा पराभव झाला. तेथून संघ बेलग्रेडला उतरला तेव्हा विमानतळावर सुरक्षारक्षकांनी कीगनला पकडून मारहाण केली. संघात संतापाची लाट उसळली. दौरा अर्धवट टाकून परतण्याची भाषा सुरू झाली. मर्सर यांनी संघाला शांत केले आणि उत्तर मैदानावर द्यायचे, असे ठरवले. ५ जून रोजी युगोस्लाव्हियाविरुद्ध इंग्लंड १-२ असा पिछाडीवर असताना बरोबरीचा गोल केला तो कीगननेच. दौऱ्यातील तिन्ही सामन्यांत मर्सर यांनी सुरुवातीचे अकरा खेळाडू तेच ठेवले होते. तीन आठवड्यांत ते एका निश्चित संघापर्यंत पोहोचले होते.

हिशेब कसा मांडावा?

सात सामने, नऊ गोल केले, सात स्वीकारले. हा हिशेब साधारण दिसतो. पण प्रतिस्पर्ध्यांची नावे पाहिली की त्याचे वजन वाढते. सातपैकी पाच संघ, म्हणजे स्कॉटलंड, अर्जेंटिना, पूर्व जर्मनी, बल्गेरिया आणि युगोस्लाव्हिया, त्याच महिन्यात पश्चिम जर्मनीतील विश्वचषकात खेळणार होते. पूर्व जर्मनीने तर त्या स्पर्धेत यजमान आणि पुढे जगज्जेत्या ठरलेल्या पश्चिम जर्मनीला हरवले. ज्या मेजवानीला इंग्लंडला आमंत्रण नव्हते, तिच्या पाच पाहुण्यांशी मर्सर यांच्या संघाने टक्कर दिली आणि त्यांपैकी एकाच संघाकडून हार पत्करली. परक्या भूमीवरील तिन्ही सामन्यांत तो अपराजित राहिला.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विश्वचषकाला निघालेले संघ सरावाच्या सामन्यांत सर्वस्व पणाला लावत नाहीत. हरल्यास इंग्लंडचेही फारसे काही बिघडणार नव्हते. ज्या एका सामन्यात खरी चुरस होती, त्या हॅम्पडेनच्या सामन्यात संघ हरला. पात्रता फेरीतील गुणांचे ओझे मर्सर यांच्या खांद्यावर कधीच आले नाही. शिवाय सिटीतील त्यांच्या यशात डावपेचांची बाजू अ‍ॅलिसन यांनी सांभाळली होती. दोन-तीन वर्षांच्या दीर्घ मोहिमेत मर्सर एकटे कसे ठरले असते, याचे उत्तर सात सामन्यांतून मिळत नाही.

परंतु हंगामी माणसाची परीक्षा वेगळ्या विषयात असते. खचलेल्या संघाला त्याने उभे केले का, पराभवानंतर तो घाबरला का, वारसदाराच्या हाती त्याने काय सोपवले, हे त्या परीक्षेतील प्रश्न आहेत. तिन्हींत मर्सर उत्तीर्ण ठरतात. सायटिकाने ते त्रस्त होते. दहा वर्षांपूर्वीच्या आजाराची आठवणही सोबत होती. कायमस्वरूपी पदाचा हव्यास त्यांनी धरला नाही. जुलै १९७४ मध्ये लीड्स युनायटेडचे डॉन रेव्ही यांची नियुक्ती झाली. त्यांनी २९ सामन्यांत संघ सांभाळला, पण १९७६ च्या युरोपीय स्पर्धेची अंतिम फेरी इंग्लंडला गाठता आली नाही आणि १९७७ मध्ये त्यांनी पद सोडले. मर्सर यांनी घडवलेला मोकळा संघही हळूहळू विस्कटला. वर्दिंग्टन इंग्लंडकडून एकूण आठ सामने खेळला, त्यांपैकी सहा मर्सर यांच्या काळातले. वेलरचे चारही सामने त्याच काळातले होते.

मर्सर कॉव्हेंट्रीत परतले आणि १९८१ पर्यंत तेथे संचालक राहिले. १९७६ मध्ये त्यांना ओबीई हा किताब मिळाला. अखेरच्या वर्षांत अल्झायमरने त्यांची स्मृती हिरावून घेतली. ९ ऑगस्ट १९९० रोजी, आपल्या ७६ व्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले. मँचेस्टर सिटीच्या आजच्या स्टेडियमजवळचा एक रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो.

इंग्लंडच्या प्रशिक्षकांच्या यादीत त्यांच्या नावापुढे सातचा छोटा आकडा आहे. मात्र पदावर असताना संघाला हसते-खेळते करणारे आणि वेळ येताच कुरकुर न करता निरोप घेणारे प्रशिक्षक त्या यादीत फारसे नाहीत.