डार्विनची धडधड

साल १८३१. इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात ‘बीगल’ हे जहाज निघण्याच्या तयारीत होते आणि त्यावर जागा मिळालेला बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन किनाऱ्यावर दिवस मोजत होता. जहाजाची डागडुजी लांबत होती, वारा साथ देत नव्हता, निघण्याची तारीख पुढे पुढे जात होती. त्या दोन महिन्यांत त्याची छाती धडधडू लागली, हृदयाच्या जागी दुखू लागले. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडलेले असल्याने निदानही त्याने स्वतःच करून टाकले. आपल्याला हृदयविकार आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही. तरी तो डॉक्टरकडे गेला नाही. डॉक्टरने प्रवासाला मनाई केली तर काय, ही धास्ती त्या दुखण्याहून मोठी होती. काहीही झाले तरी जायचेच, असे ठरवून तो जहाजावर चढला. २७ डिसेंबरला ‘बीगल’ने बंदर सोडले.

पुढची जवळपास पाच वर्षे तो दक्षिण अमेरिकेच्या गवताळ मैदानांत घोड्यावरून फिरला, अँडीज पर्वत चढला, चिलीतला मोठा भूकंप त्याने अनुभवला. बोट लागण्याचा त्रास अखेरपर्यंत सुटला नाही. मधे एकदा तो काही आठवडे अंथरुणालाही खिळला. पण ज्या हृदयाची त्याला धास्ती होती त्याने कुठेही दगा दिला नाही.

प्लिमथच्या त्या धडधडीला आज अनेक मानसोपचारतज्ज्ञ वेगळे नाव देतात. त्याआधी डार्विनच्या घरात डोकावायला हवे. त्याचा जन्म १८०९ चा, श्रूजबरी गावातला. वडील नामांकित डॉक्टर, अंगाने धिप्पाड, घरात त्यांचा शब्द शेवटचा. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई गेली आणि त्यानंतर घरात तिचे नाव फारसे निघेना. पुढे आयुष्यात डार्विनला आईबद्दल जवळजवळ काहीच आठवत नसे. आई आणि मूल यांच्या नात्यावर आयुष्यभर काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९९० साली डार्विनचे चरित्र लिहिले, त्यात या न बोलल्या गेलेल्या दुःखाला त्यांनी मोठी जागा दिली आहे. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला डॉक्टर होण्यासाठी एडिंबराला पाठवले. तिथे त्याने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची. भूल देण्याचे औषध अजून यायचे होते. दोन्ही वेळा तो शस्त्रक्रिया संपायच्या आत बाहेर पडला आणि पुन्हा कधी त्या खोलीत गेला नाही.

प्रवासाहून परतल्यावर जुलै १८३७ मध्ये लंडनमध्ये त्याने एक वही सुरू केली. सजीवांच्या जाती कायम नसतात, त्या बदलत जातात, हा विचार त्या वहीत आकार घेऊ लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये धडधड परत आली. डॉक्टरांनी सगळे काम बंद करून गावी जायला सांगितले. वही आणि धडधड यांचा थेट संबंध लावणे सोपे आहे, पण तो सिद्ध करता येत नाही. एवढे मात्र नक्की की त्या विचाराचे ओझे त्याला जाणवत होते. १८४४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याला पत्रातून ते सांगताना त्याला खुनाची कबुली दिल्यासारखे वाटले होते.

१८३९ मध्ये त्याने मामेबहीण एमा वेजवूडशी लग्न केले. तीन वर्षांनी लंडनची गर्दी सोडून दोघे केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला गेले, आणि डार्विन उरलेली चाळीस वर्षे तिथेच राहिला. पाच वर्षे जगभर हिंडलेला माणूस आता ब्रिटनबाहेर पाऊल टाकत नव्हता. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना घर दिसू नये म्हणून त्याने घरापुढची वाट खणून खाली घेतली. जेवणाच्या मेजवान्या बंद केल्या, कारण माणसांत थोडी उत्तेजना झाली की नंतर अंग थरथरे आणि उलट्या होत. पाहुण्यांशी गप्पासुद्धा घड्याळ पाहून.

१८६५ मध्ये एका नव्या डॉक्टरसाठी त्याने आपल्या लक्षणांचे टिपण तयार केले. पंचवीस वर्षांपासूनचा पोटातला वायू, उलट्या, उलटीआधी येणारी हुडहुडी, आवरता न येणारे रडू, आता मरणार अशी भावना, कानात आवाज, पायाखाली हवा असल्यासारखे वाटणे, डोळ्यांपुढे काळे ठिपके, आणि एमा जवळून गेली की वाढणारी अस्वस्थता. डॉक्टरने पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवायला सांगितल्या. उपयोग झाला नाही.

आजचा डॉक्टर ही यादी वाचताना पोटाच्या तक्रारी बाजूला ठेवून उरलेल्या ओळींपाशी थांबेल. पॅनिक अटॅक म्हणजे भीतीचा अचानक येणारा तीव्र झटका, त्यात नेमके हेच होते. मेंदूतली धोक्याची घंटा समोर धोका नसताना वाजते. अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरते, हृदय जोरात पळू लागते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. श्वास भराभर चालू लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आजूबाजूचे सगळे खोटे वाटू लागते. माणूस या लक्षणांचा अर्थ लावतो : हा हार्ट अटॅक आहे. या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो, पण ज्याला तो आलेला असतो त्याला ती दहा मिनिटे अखेरची वाटतात. पहिल्यांदा असे झाले तर घरी बसून तर्क करू नये. छातीत दुखण्याची तपासणी, ईसीजी हे आधी झालेच पाहिजे. डार्विनने प्लिमथला जे टाळले ते टाळण्यासारखे नव्हते. हृदय ठीक असल्याचे एकदा कळले की झटक्यात सावकाश, लांब श्वास सोडणे आणि ही लाट ओसरणार आहे हे लक्षात ठेवणे, यांचा उपयोग होतो.

डार्विनच्या काळी यातले काही माहीत नव्हते. होते ते जलोपचार. १८४९ मध्ये तो सगळे कुटुंब घेऊन माल्व्हर्नला डॉ. जेम्स गली यांच्याकडे गेला आणि तिथे सुमारे चार महिने राहिला. दिव्याच्या उष्णतेने घाम काढायचा, मग थंड पाण्याने अंग खसाखसा चोळायचे, ओल्या चादरीत गुंडाळून घ्यायचे, पोटावर दिवसभर ओली पट्टी, गोडधोड बंद, भरपूर चालणे. त्याला बरे वाटले. पाण्यामुळे की चालण्यामुळे की काम बंद असल्यामुळे, कोण जाणे. घरी परतून त्याने बागेत न्हाणीघर बांधून घेतले आणि तब्येतीची रोजनिशी सुरू केली. कोणत्या रात्री किती त्रास झाला, कोणता दिवस चांगला गेला, याच्या खुणा तो १८५५ च्या जानेवारीपर्यंत करत राहिला. शास्त्रज्ञाच्या सवयीला हे साजेसेच होते, पण चिंतेच्या आजारात शरीरावर असा अष्टौप्रहर पहारा ठेवला की बारीकसारीक हालचालही धोक्याची वाटू लागते, हा आजच्या उपचारकांचा रोजचा अनुभव आहे. माल्व्हर्नवरचा त्याचा विश्वास १८५१ च्या एप्रिलमध्ये हादरला. दहा वर्षांची लाडकी मुलगी अ‍ॅनी आजारी पडली, तिला त्याच गावी उपचारासाठी नेले आणि तिथेच ती गेली. एमा तेव्हा गरोदर असल्याने घरीच होती, आणि मुलीच्या उशाशी दिवसरात्र बसला होता तो डार्विन, माणसांत बसताच ज्याला थरथर सुटे.

आजारपणाने त्याच्याकडून काय काय हिरावले याचा हिशेब मोठा आहे. १८४८ मध्ये वडील गेले, पण अंत्यविधीत तो सहभागी होऊ शकला नाही. नोव्हेंबर १८५९ मध्ये जातींच्या उत्पत्तीवरचा त्याचा ग्रंथ बाजारात आला तेव्हा तो यॉर्कशरमधल्या इल्कलीला जलोपचार घेत होता. पुढच्या जूनमध्ये ऑक्सफर्डला त्याच्या सिद्धांतावरून बिशप विल्बरफोर्स आणि हक्सली यांची गाजलेली खडाजंगी झाली, तेव्हाही तो अशाच एका उपचारकेंद्रात होता. (१ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीत त्याचे आणि वॉलेसचे लेखन प्रथम वाचले गेले, तिथेही तो नव्हता, पण त्याचे कारण आजार नव्हे. तीनच दिवसांपूर्वी त्याचे दीड वर्षाचे बाळ दगावले होते.)

आणि तरीही काम होत राहिले. सकाळी फेरफटका, मग दीड तास काम, पत्रे, पुन्हा दीड तास काम. दुपारी बागेच्या टोकाला स्वतः आखून घेतलेल्या, झाडांमधून जाणाऱ्या वाळूच्या वाटेवर फेऱ्या. किती फेऱ्या झाल्या हे कळावे म्हणून वाटेवर गारगोट्यांचा ढीग असे, दर फेरीला एक गोटी पायाने बाजूला उडवायची. दुपारी पडल्या पडल्या एमाने वाचून दाखवलेली कादंबरी, शेवट गोड असलेली असेल तर उत्तम. रात्री तिच्याबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव. त्याचाही हिशेब तो ठेवत असे : १८७६ पर्यंत तिने २,४९० डाव जिंकले होते आणि त्याने २,७९५. दिवसाकाठी तीन-चार तासांच्या कामातून शिंपल्यांसारख्या कवचातल्या बार्नेकल या सागरी प्राण्यांवर आठ वर्षांचे संशोधन उभे राहिले, मग तो ग्रंथ, मग ऑर्किड, वेली, गांडुळे.

ठरलेला दिनक्रम, चालणे, जवळचे माणूस यांनी त्याला सावरले यात शंका नाही. पण प्रत्येकाच्या वाट्याला वडिलोपार्जित पैसा, डाउनचे घर आणि एमा येत नाही. शिवाय या व्यवस्थेची एक खोटही होती. जे जे टाळले ते ते दरवेळी थोडे अधिक भीतिदायक झाले. मेजवानी टाळली, सभा टाळली, प्रवास टाळला. जग आक्रसत वाळूच्या वाटेएवढे झाले.

गंमत अशी की भीतीचे शरीर डार्विनइतके बारकाईने फार थोड्यांनी पाहिले होते. १८७२ मध्ये माणूस आणि प्राणी भावना कशा व्यक्त करतात यावर त्याने पुस्तक लिहिले. घाबरलेल्या माणसाचे हृदय, फिकी पडलेली त्वचा, थंड घाम, कोरडे तोंड, उभे राहिलेले केस, सगळे त्यात क्रमाने आले आहे. त्यातच एक प्रयोग आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ अ‍ॅडर हा घोणशीच्या कुळातला विषारी साप होता. डार्विनने जाड काचेला तोंड जवळजवळ टेकवले. साप अंगावर आला तरी मागे सरकायचे नाही, असा पक्का निश्चय केला. सापाने झेप घेतली आणि डार्विन एक-दोन यार्ड मागे उडाला. काच मधे आहे हे त्याला पूर्ण माहीत होते. आयुष्यात त्याला कधी साप चावला नव्हता. तरी कधीच न अनुभवलेल्या धोक्याच्या कल्पनेपुढे आपली इच्छा आणि बुद्धी दोन्ही लुळ्या पडल्या, असे त्याने प्रांजळपणे नोंदवले.

घाबरू नकोस, काही होत नाही, असे पॅनिक अटॅक आलेल्या माणसाला सांगून का भागत नाही, याचे उत्तर त्या काचेपाशी आहे. धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा विचार करणाऱ्या मेंदूहून जुनी आणि वेगवान आहे. ती बुद्धिवादाने ऐकत नाही, अनुभवाने ऐकते. म्हणून आजच्या उपचारात, ज्याला सीबीटी म्हणतात त्यात, भीतीच्या काचेपाशी पुन्हा पुन्हा जायला शिकवतात, बेताबेताने, आणि घंटा आपोआप थांबेपर्यंत तिथे थांबायला. भरलेल्या लोकलमध्ये धडधड सुरू झालेल्या माणसाला आधी रिकाम्या गाडीतून एक स्टेशन, मग दोन, मग गर्दीची वेळ. गरज पडल्यास औषधेही असतात आणि ती चांगली लागू पडतात. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

डार्विनला नेमके काय झाले होते, यावर अजून वाद आहे. १९५९ मध्ये सॉल अ‍ॅडलर यांनी चागास रोगाची शंका काढली, कारण अर्जेंटिनात मेंडोझाजवळ तो रोग पसरवणाऱ्या किड्याच्या जातीने त्याला चावल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. पण तो चावा १८३५ चा आणि प्लिमथची धडधड १८३१ ची. दूध न पचण्यापासून वारंवार उलट्यांच्या आजारापर्यंत इतरही निदाने झाली. १९९७ मध्ये बार्लून आणि नॉयस या दोन अमेरिकी डॉक्टरांनी पॅनिक डिसऑर्डर आणि त्यापायी घराबाहेर पडण्याची भीती हे निदान मांडले. पोटाचे सगळे दुखणे त्यात बसत नाही, हे खरे. एकाच माणसाला दोन आजार असू शकतात, हेही तितकेच खरे.

शेवटच्या दहाएक वर्षांत त्याची तब्येत पुष्कळ सुधारली. मग डिसेंबर १८८१ मध्ये लंडनला एका मित्राच्या दारात त्याच्या छातीत कळ आली. मित्र घरी नव्हता. नोकराने आत येऊन बसण्याचा आग्रह केला, पण उगाच कोणाला त्रास नको म्हणून डार्विन तसाच गाडी शोधायला निघाला. या वेळी मात्र आजार खरोखर हृदयाचा होता, प्लिमथच्या बरोबर पन्नास वर्षांनंतर. ७ मार्च १८८२ रोजी वाळूच्या वाटेवर पुन्हा कळ आली, तो कसाबसा घरी पोहोचला आणि त्या वाटेवर परत कधी गेला नाही. १९ एप्रिलला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तो डाउनच्या घरीच गेला. एमा जवळ होती. आपल्याला मरणाची जराही भीती वाटत नाही, असे त्याने तिला सांगितले होते.