ज्याच्या फॅन्समध्ये नेपोलियन होता!

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी जण असेलच, ज्याच्या बॅगेत कायम एक जाडजूड फॅण्टसी कादंबरी असते. पहिल्या पानावर नकाशा, शेवटी अवघड नावांची यादी आणि मध्ये धुकं, डोंगर, तलवारी, जुन्या लढाया गाणारे भाट. लॉइड अलेक्झांडर यांची 'द क्रॉनिकल्स ऑफ प्रिडेन' ही पाच पुस्तकांची मालिका (१९६४ ते १९६८) किंवा कॅथरिन कर यांची १९८६ पासून सुरू झालेली 'डेव्हरी' मालिका तुम्ही वाचली असेल, तर हा सगळा मामला तुमच्या ओळखीचा आहे. ही सेल्टिक वळणाची फॅण्टसी. सेल्टिक म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स या भागांतल्या जुन्या भाषा आणि त्यांच्या दंतकथा.

आता एक कल्पना करा. अशीच एक मालिका तुम्ही जीव लावून वाचली. रात्र रात्र जागलात, त्यातल्या मरणांवर रडलात. लेखकानं सांगितलं होतं की हे माझं नाही, दीड हजार वर्षांपूर्वीच्या कवीचं आहे, मी फक्त भाषांतर केलंय. आणि मग कळलं की त्यातला बराचसा भाग त्यानं स्वतःच लिहिला होता. तर मग तुम्हाला वाचताना मिळालेला आनंदही खोटा ठरतो का?

हा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी अख्ख्या युरोपला पडला होता. पाडणाऱ्याचं नाव जेम्स मॅकफर्सन. त्याचं गाजलेलं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. म्हणजे आपल्याच वयाचा.

हरलेल्या गावचा मुलगा

जेम्सचा जन्म २७ ऑक्टोबर १७३६ चा, स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधल्या रुथवेन या खेड्यातला. शेतकऱ्याचं घर, बोलायची भाषा गेलिक. गावाजवळच सरकारी फौजेची बराक होती. १७४५ मध्ये स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून द्यायची म्हणून हायलँड्समधली अनेक कुळं उठली. त्यात मॅकफर्सन कुळही होतं. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर तासाभरात सगळं संपलं. तेव्हा जेम्स नऊ वर्षांचा होता.

पुढे जे झालं ते त्यानं आपल्या डोळ्यांसमोर पाहिलं. कुळाचा प्रमुख क्लूनी मॅकफर्सन याचं घर जाळण्यात आलं आणि तो पुढची नऊ वर्षं डोंगरात लपून राहिला. शस्त्रं बाळगायला बंदी आली. पुरुषांनी चौकड्यांचा हायलँड पोशाख घालायलाही बंदी आली, ती थेट १७८२ मध्ये उठली. गेलिक बोलणारा म्हणजे रानटी, असं शहरातले लोक उघडपणे समजायचे.

असा मुलगा शिकायला अ‍ॅबर्डीनला गेला. तिथे त्यानं ग्रीक, लॅटिन महाकाव्यं वाचली. तिथल्या मॅरिशल कॉलेजचे प्राचार्य थॉमस ब्लॅकवेल यांचं होमरवर पुस्तक होतं. होमर हा पुस्तकी पंडित नव्हता, तो एका जुन्या, रांगड्या समाजातला गाणारा कवी होता, अशी त्यांची मांडणी. जेम्सच्या डोक्यात काय चाललं असेल याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. गाणारे म्हातारे तर त्याच्या गावातही होते. आपल्याकडे शाहीर पोवाडा म्हणतात, तसे ते फिन नावाच्या वीराची आणि त्याच्या योद्ध्यांची गाणी पिढ्यान् पिढ्या म्हणत आले होते.

शिक्षण झाल्यावर त्यानं गावात शाळामास्तरकी केली. १७५८ मध्ये 'द हायलँडर' नावाचं मोठं काव्य छापलं. स्वतः लिहिलेलं. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

एक भेट आणि १५ तुकडे

१७५९ मध्ये मॉफट या गावी त्याची गाठ जॉन होम या नाटककाराशी पडली. होम यांना गेलिक येत नव्हतं, पण जुन्या गाण्यांबद्दल उत्सुकता प्रचंड. एखादं इंग्रजीत करून दाखव, असा त्यांनी आग्रह धरला. जेम्सनं आधी आढेवेढे घेतले, मग करून दाखवलं. होम यांनी ते एडिंबरामधले नामवंत प्राध्यापक ह्यू ब्लेअर यांच्याकडे नेलं. ब्लेअर यांनी आणखी मागितलं. जून १७६० मध्ये १५ तुकड्यांचं एक छोटंसं पुस्तक बाहेर पडलं. त्यावर कवी म्हणून मॅकफर्सनचं नाव नव्हतं. ही प्राचीन कवितांची भाषांतरं आहेत, एवढंच सांगितलेलं.

पुस्तक हिट झालं! लोकांनी वर्गणी काढून त्याला हायलँड्समध्ये आणि पश्चिमेकडच्या बेटांवर पाठवलं, जा आणि उरलेलं महाकाव्य शोधून आण म्हणून. तो खरंच फिरला. स्काय, युइस्ट ही बेटं पालथी घातली, म्हाताऱ्यांकडून गाणी उतरवून घेतली, जुनी हस्तलिखितं गोळा केली. १७६१ च्या डिसेंबरमध्ये 'फिंगल' आलं आणि १७६३ मध्ये 'टेमोरा'. कवी कोण, तर तिसऱ्या शतकातला ऑसियन.

हा ऑसियन भारी कॅरॅक्टर आहे. राजा फिंगलचा मुलगा, एकेकाळचा योद्धा, आता आंधळा आणि म्हातारा. बाप गेला, मुलगा ऑस्कर लढाईत गेला, सगळे सोबती गेले. उरली फक्त सून होता होता राहिलेली माल्विना. तिला तो गेलेल्या लोकांच्या गोष्टी गाऊन सांगतो. आजूबाजूला धुकं, वारा, ढगांवर बसलेली पूर्वजांची भुतं. आपल्या लोकांतला हा शेवटचा माणूस. नऊ वर्षांच्या ज्या मुलानं कलोडननंतरचं गाव पाहिलं होतं, त्याला हा सूर कुठून सापडला हे वेगळं सांगायला नको.

फॅनडम म्हणजे काय असतं

वाचक अक्षरशः वेडे झाले. तोवर इंग्रजी कविता बऱ्यापैकी नियमात बसवलेली, शहरी, हुशारी दाखवणारी असायची. इथे छोटी छोटी, ठेक्यात चालणारी गद्य वाक्यं होती. लढवय्ये मोकळेपणानं रडत होते. इटालियन, जर्मन, फ्रेंच अशी भाषांतरं निघत गेली. गटेच्या 'वेर्थर' या १७७४ च्या कादंबरीत नायक आपल्या प्रेयसीला वाचून दाखवतो, ते ऑसियनच. नेपोलियन मोहिमेवर जाताना त्याची इटालियन प्रत सोबत ठेवायचा. रोममधल्या त्याच्या शयनगृहाच्या छतासाठी अँग्रनं १८१३ मध्ये ऑसियनच्या स्वप्नाचं चित्र रंगवलं. नेपोलियननं आपल्या धर्मपुत्राचं नाव ऑस्कर ठेवलं, तो पुढे स्वीडनचा राजा झाला. ऑस्कर वाइल्डच्या पूर्ण नावात ऑस्करही आहे आणि फिंगलही.

सगळ्यात गोड फॅन मात्र अमेरिकेतला. थॉमस जेफरसन, पुढचा राष्ट्राध्यक्ष. १७७३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यानं जेम्सच्या एका नातेवाइकाला पत्र लिहून मूळ गेलिक कवितांची नक्कल मागितली. शिवाय गेलिकचं व्याकरण आणि शब्दकोशही मागवला. आवडत्या कवीला मुळातून वाचता यावं म्हणून नवी भाषा शिकायची तयारी! कोरियन सीरिज बघून कोरियन शिकणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला हे जरूर सांगा.

सोर्स कुठाय?

मासकॉमच्या वर्गात आम्हाला सतत विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, सोर्स कुठाय? जेम्सला तो विचारणाऱ्यांत सर्वांत खमका होता डॉ. सॅम्युअल जॉन्सन, इंग्रजीच्या प्रसिद्ध शब्दकोशाचा कर्ता. १७७३ मध्ये तो स्वतः हायलँड्समध्ये फिरून आला आणि १७७५ च्या प्रवासवर्णनात त्यानं लिहून टाकलं की ऑसियनची मूळ हस्तलिखितं अस्तित्वातच नाहीत. चिडलेल्या जेम्सनं धमकीवजा पत्र पाठवलं. धिप्पाड जेम्स अंगावर आलाच तर असावा, म्हणून ६५ वर्षांच्या जॉन्सननं एक जाड सोटा विकत आणला. मारामारी झाली नाही. पण मूळ कविताही छापल्या गेल्या नाहीत.

आयर्लंडचे अभ्यासक वेगळ्याच कारणानं संतापले होते. फिंगल म्हणजे त्यांचा फिन. त्याला जेम्सनं स्कॉटलंडचा राजा करून टाकलं होतं. शिवाय कुहुलिन हा आयरिश कथांमधला शतकानुशतकं आधीचा वीर. जेम्सनं दोघांना एकाच गोष्टीत आणलं. आजच्या भाषेत, बिनधास्त क्रॉसओव्हर.

मग खरं काय होतं? जेम्सच्या मृत्यूनंतर एडिंबरामधल्या हायलँड सोसायटीच्या समितीनं १८०५ मध्ये अहवाल दिला. अशी गाणी लोकांमध्ये नक्की होती, पण जेम्सनं छापलेल्या काव्यासारखं एकही अखंड काव्य सापडलं नाही. त्यानं जागा भरल्या, भर घातली, असा निष्कर्ष निघाला. पुढे डेरिक थॉमसन या गेलिक अभ्यासकानं १९५२ मध्ये 'फिंगल'मधले प्रसंग खऱ्या गाण्यांशी पडताळून पाहिले आणि बऱ्याच ठिकाणी मूळ सापडलं. 'टेमोरा'त मात्र बहुतेक सगळं जेम्सचंच. म्हणजे जॉन्सनही पूर्ण बरोबर नव्हता. त्याला गेलिक येत नव्हतं आणि जुनी गेलिक हस्तलिखितं खरोखरच होती. सोळाव्या शतकातलं एक महत्त्वाचं हस्तलिखित तर जेम्सच्याच संग्रहातून पुढे आलं.

अर्काटचा पैसा, वेस्टमिन्स्टरची जागा

जेम्सचं पुढचं आयुष्य कवीचं राहिलं नाही. १७६४ मध्ये तो गव्हर्नरचा सेक्रेटरी म्हणून पश्चिम फ्लोरिडाला गेला, दोन वर्षांत परतला. मग सरकारची बाजू मांडणारं लिखाण करून पेन्शन मिळवली. १७८० मध्ये खासदार झाला आणि मरेपर्यंत राहिला. याच काळात तो अर्काटचा नबाब महंमद अली याचा लंडनमधला एजंट होता. हो, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातलाच तो कर्जबाजारी नबाब. या कामात जेम्सला बक्कळ पैसा मिळाला. गावाजवळ त्यानं मोठी इस्टेट घेतली, प्रसिद्ध वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडम याच्याकडून तिथल्या वाड्याचा आराखडा करून घेतला.

हिंदुस्थानचा आणखी एक धागा आहे. इथे नोकरीला असलेल्या हायलँडर मंडळींनी १७८४ च्या सुमारास जवळजवळ १००० पौंड जमवले आणि मूळ गेलिक ऑसियन छापण्यासाठी पाठवले. बिचाऱ्यांचा विश्वास होता. जेम्स काम पुढे ढकलत राहिला. १७ फेब्रुवारी १७९६ ला तो वारला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये पुरलं. तिथे जॉन्सनची कबरही फार लांब नाही. 'मूळ' गेलिक अखेर १८०७ मध्ये छापलं गेलं, तेव्हा अभ्यासकांच्या लक्षात आलं की ते बरंचसं इंग्रजीवरून उलटं गेलिकमध्ये केलेलं आहे.

(सायन्सवाल्यांसाठी बोनस: त्याची मुलगी ज्युलिएट हिचं लग्न झालं डेव्हिड ब्रूस्टरशी. प्रकाशाच्या ध्रुवीकरणात ब्रूस्टरचा नियम येतो ना, तोच हा.)

मग फसवणूक कोणाची झाली?

माझ्या मते जेफरसनची नाही. वेर्थरचीही नाही. त्यांनी जे वाचलं, त्यानं ते हलले, आणि ते हलणं खरं होतं. मेंडेल्सन १८२९ मध्ये स्कॉटलंडच्या बेटांवर गेला, स्टाफा बेटावरची गुहा पाहून आला. तिला फिंगलचं नाव १७७२ मध्ये जोसेफ बँक्सनं दिलेलं. या सफरीतून सुचलेली त्याची रचना आज यूट्यूबवर लावा, दहा मिनिटांची आहे. ती ऐकताना सोर्सचा प्रश्न कोणी विचारत नाही.

नुकसान झालं ते दुसऱ्यांचं. युइस्टमधल्या झोपडीत बसून ज्यांनी त्याला गाणी म्हणून दाखवली, त्या माणसांचं. ऑसियन बनावट ठरल्यावर शहरातल्या अनेकांना वाटायला लागलं की गेलिकमध्ये मुळात काही नव्हतंच. आपल्या हरलेल्या लोकांना मान मिळावा म्हणून त्यानं हे सगळं सुरू केलं असेलही, पण खोट्या लेबलची किंमत त्याच लोकांनी मोजली. जुन्या गाण्यांवर आधारित, लेखक जेम्स मॅकफर्सन, एवढं मुखपृष्ठावर असतं तर भांडणच नव्हतं. पण 'द हायलँडर' हे स्वतःचं काव्य छापून काय झालं, हे त्यानं पाहिलं होतं.

आजच्या फॅण्टसी लेखकांचं बरं आहे. अलेक्झांडर यांनी पहिल्याच पुस्तकात सांगून टाकलं की प्रिडेन म्हणजे वेल्स नव्हे, वेल्सच्या दंतकथांवरून सुचलेला हा काल्पनिक देश आहे. वाचकांचा आनंद त्यानं तसूभर कमी झाला नाही.

तेव्हा पुढची मालिका संपवाल तेव्हा लेखकाचं मनोगत वगळू नका. त्यात ज्या जुन्या गोष्टींची नावं असतील, त्यांच्यापर्यंत एकदा जाऊन या. फिनची खरी गाणी तर ऐकायलाही मिळतात. विसाव्या शतकात टेपरेकॉर्डर घेऊन संशोधक त्याच बेटांवर गेले, तेव्हा ती म्हणणारी माणसं अजून होती. त्यांचे आवाज जपून ठेवलेले आहेत. गेलिक कळणार नाही, पण दोन मिनिटं ऐका. जेम्सनं ऐकलं होतं ते साधारण असंच असणार.