हैबतबाबांनी घातलेली वाट

॥ श्री ज्ञानदेव तुकाराम ॥

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पुरी झाली. अंक काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी आम्हाला एक चरित्र लिहायला सांगितलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. कीर्तनात उभं राहून बोलणं जमतं, कागदावर हात अडखळतो. तरी सेवा म्हणून लिहितो, चुकलंमाकलं पदरात घ्यावं. ज्ञानोबारायांचं चरित्र नेवाशात कुणी कुणाला सांगावं? शके १२१२ मध्ये ज्या खांबाशी बसून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैस खांब आपल्या उशाशी आहे. म्हणून ज्यांचं नाव सगळे घेतात पण हकीकत थोड्यांनाच ठाऊक, ते हैबतबाबा आरफळकर आम्ही घेतले. त्याला आमचं एक घरचं कारणही आहे, ते पुढं येईल.

हैबतबाबा म्हंजे हैबतराव पवार. गाव आरफळ, सातारा जिल्ह्यातलं. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. घोडा, हत्यार, पैसाअडका, सगळं होतं. नोकरी करून कमाईसह गावाकडं निघाले, तेव्हा सातपुड्याच्या रानात वाटमाऱ्यांनी गाठलं. द्रव्य लुटलं, बाबांना आणि बरोबरच्या माणसांना गुहेत कोंडलं आणि तोंडाला धोंड लावली. परंपरेत असं सांगतात, की बाबांनी तिथं माउलींचा धावा मांडला, हरिपाठ धरला, आणि एकविसाव्या दिवशी वाटमाऱ्यांच्या नायकाच्या घरी मुलगा झाला. त्या आनंदात त्यानं धोंड काढली. आत पाहतो तर बाबा नामात, देहाचं भान नाही. त्यानं त्यांना सावध केलं, चाकरी केली आणि लुटलेलं परत देऊन वाटेला लावलं.

बाबा आरफळला घरी म्हणून निघालेले, ते आळंदीला आले आणि तिथंच राहिले. रोज रात्री माउलींच्या पुढं भजन करायचं, हाच पुढचा संसार. ज्या माणसानं फौजेबरोबर मुलूख पालथा घातला त्याला एका गुहेनं बसवलं. पण बसवलं तरी मूळचा स्वभाव गेला नाही, आणि गेला नाही ते आपल्या भाग्यानं.

त्या आधीची रीत थोडी सांगितली पाहिजे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला येऊन माउलींच्या घ्यायच्या, आणि दोन्ही एकाच पालखीत पंढरीला न्यायच्या. पुढं कालांतरानं त्या वहिवाटीत अडचणी आल्या. तेव्हा १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींची पालखी स्वतंत्र काढली. एकट्याचं काम नव्हतं. कृष्णाकाठच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची सोय केली. खंडोजीबाबा वासकरांसारखे फडकरी दिंड्या घेऊन उभे राहिले. अंकलीहून माउलींचे अश्व आजही दरसाल आळंदीला चालत येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा.

आता वाटेचं सांगतो, कारण खरं सांगायचं ते हेच. पेशवाई १८१८ ला बुडाली, फौजा मोडल्या. पण फौज कशी चालवायची ते बाबांच्या अंगात होतं. हजार माणूस नेणं म्हंजे हजार जणांना चालता येतं का एवढं पाहणं नव्हे. त्यात म्हातारं आहे, लेकुरवाळी आहे, कुणाच्या पायाला फोड आहे. फौजेतला जाणता सरदार सगळ्यांत मागच्या बैलाकडं बघून मजल ठरवतो. माउलींच्या वाटेचे मुक्काम आम्ही पायानं मोजले आहेत, त्यावरून हे लिहितो.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान. मग पुण्यात दोन मुक्काम. तिथून सासवडची मजल, साऱ्या वाटेत लांब, वर दिवे घाटाची चढण आणि बहुधा एकादशीचाच उपास. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. अशा दिवसानंतर सासवडला पुन्हा दोन मुक्काम. तिथं सोपानकाकांची समाधी आहे, म्हंजे धाकट्या भावाच्या घरी विसावा. मग जेजुरी, वाल्हे, नीरेत पादुकांना स्नान, लोणंद. लोणंदहून तरडगावची मजल अगदी आखूड, पण वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण. आखूड मजलेच्या दिवशी घोडा धावतो, तशी म्हातारी माणसंही जरा धावून घेतात. मग फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट, आणि तिला अठरा दिवसांच्या आतबाहेर लागतात. तरणा गडी याच्या निम्म्या दिवसांत पंढरी गाठील. पण वाट तरण्यासाठी घातलेलीच नाही.

ती घरासाठी घातली आहे. माउलींचं घरच बघा ना. थोरले निवृत्तिनाथ त्र्यंबकहून निघतात ते नगर, करमाळा करत आपल्याच वाटेनं जातात. सोपानकाका सासवडहून माउलींच्या देखत निघतात आणि वेगळ्या वाटेनं जातात. मुक्ताबाई खानदेशातून येते. तुकोबाराय लोणी, यवत, बारामती, इंदापूर, अकलूजवरून. ज्याला जी सोयीची ती त्याची वाट, आणि वाखरीला सगळे एकत्र.

आता घरचं कारण. आपल्या दिंडीची वाट आजोबांच्या पिढीनं ठरवलेली, नेवासा, घोडेगाव, नगर, मिरजगाव, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर. त्यांनी प्रत्येक मुक्काम पाण्याच्या आणि देवळाच्या आसऱ्यानं धरला होता. पंचवीसेक वर्षांमागं मुक्कामाचं काम आमच्याकडं आलं. अंगात रग होती. दिंडीत आमच्या एका घरातलीच एकोणीस माणसं, थोरल्या चुलतीपासून (तिला आम्ही नानी म्हणतो) कडेवरच्या पोरापर्यंत. करमाळ्याच्या पुढं आम्हाला कळलं की शेतातून एक वाट जाते, दोन कोस वाचतात. आम्ही कुणाला न विचारता दिंडी तिकडं वळवली.

दुपारी पाऊस आला. काळं रान, पाय उचलला की सोबत ढेकूळ. अंथरुणं आणि पीठ घेतलेला ट्रॅक्टर फसला. पुढची पताका एकीकडं, मृदंग एकीकडं, बाया कुठंच दिसेनात. अंधारात एका वस्तीवर पोचलो, मोजदाद केली तर नानी नाही आणि आमच्या पुतण्याचं पाच वर्षांचं पोर नाही. कंदील घेऊन रात्रभर हाका मारल्या. पहाटे एका गोठ्यात दोघं सापडली. पोर तिच्या लुगड्यात झोपलेलं, ती तापानं फणफणलेली, पायाचा घोटा सुजून हंड्याएवढा. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. तिचा तो पाय पुढं नीट झालाच नाही. त्यानंतर ती वारी चालली नाही.

पुढल्या वर्षी आम्ही आपली दिंडी सोडून आळंदीहून माउलींबरोबर चाललो. दर्शनासाठी म्हणून सांगितलं, खरं तर बंदोबस्त बघायला. रथाच्या पुढं २७ दिंड्या, मागं आणखी, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीची जागा ठरलेली. कुणी कुणाच्या पुढं जायचं नाही. आणि संध्याकाळची समाज आरती! तळावर दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतो आणि एवढा जमाव चिडीचूप होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातो, ऐकतो, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. हरवलेलं, सापडलेलं पुकारलं जातं. त्यानंतर आरती. म्हंजे कुणाचं काही राहिलं असेल तर देवाची आरतीसुद्धा थांबते. ही सारी शिस्त हैबतबाबांची म्हणून वारकरी सांगतात. आम्ही त्या तळावर उभं राहून लहान पोरासारखं रडलो. आमच्या वस्तीवर त्या रात्री आधी हरिपाठ झाला होता, मोजदाद नंतर.

तेव्हापासून आपल्या दिंडीत तळावर पोचलं की पहिलं काम मोजदाद. प्रत्येक घरातला एकजण आपली माणसं सांगतो. शेवटचं माणूस येईपर्यंत वीणेकरी उभाच. मुक्काम पुन्हा आजोबांच्या यादीवर आणले. हल्ली रस्ता रुंद झाला, गाड्या भरधाव, दोन जागी झाडंच राहिली नाहीत, म्हणून तेवढे दोन मुक्काम सगळ्यांना विचारून हलवले. तरुण पोरं कुरकुरतात की मजल आखूड आहे. त्यांना आम्ही मृदंग धरायला लावतो.

हैबतबाबांनी देह ठेवला तो आळंदीतच. माउलींच्या महाद्वाराची पहिली पायरी त्यांची. कार्तिकीचा सोहळा त्या पायरीच्या पूजेनं सुरू होतो. आत जाणारा प्रत्येक वारकरी आधी तिथं वाकतो.

नानी आता नव्वदीच्या पुढं आहे. आषाढीला ती घरी राहते, पण कार्तिकीला जीपमधून आळंदीला येते. गेल्या साली दोघांच्या आधारानं महाद्वारापाशी आली, पायरीला हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ खालीच बसून राहिली. मागं गर्दी खोळंबली होती. आम्ही तिला उठवलं नाही.