रेघेचें समीकरण मांडणारा देकार्त

आपल्या खेडचें नांव हुतात्मा शिवराम हरि राजगुरू यांच्या स्मरणार्थ राजगुरुनगर झालें, हें येथील प्रत्येक मूल जाणतें. फ्रान्स देशाच्या तुरेन प्रांतांतील ला हे नांवाचें लहानसें गांवहि आपल्या सुपुत्राच्या नांवानें, म्हणजे देकार्त या नांवानें, १९६७ पासून ओळखलें जातें. हा सुपुत्र राजा नव्हता, सेनापतीहि नव्हता. आमचे विद्यार्थी चौकटींच्या कागदावर ज्या रेघा काढतात, त्यांच्या मुळाशीं त्याची बुद्धि आहे.

रेने देकार्त याचा जन्म ३१ मार्च १५९६ रोजीं झाला. दुसऱ्याच वर्षीं आई वारली. मूल अशक्त, म्हणून ला फ्लेश येथील जेसुइट धर्मगुरूंच्या विद्यालयांत त्यास सकाळीं उशिरापर्यंत अंथरुणांत पडून राहण्याची मोकळीक मिळाली. (आमच्या वाचकांनीं घरीं ती मागूं नये!) १६१६ मध्यें कायद्याची पदवी घेऊन, दोन वर्षांनीं तो हॉलंडमध्यें सैन्यांत शिरला, पण रमला तो गणितांत.

१६३३ मध्यें गॅलिलिओस शिक्षा झाल्याचें कळतांच त्यानें आपला विश्वरचनेवरील ग्रंथ छापावयाचा थांबविला. चार वर्षांनीं मात्र त्याचा भूमितीवरील निबंध प्रसिद्ध झाला. तोंपर्यंत बीजगणित व भूमिती या बहिणी असूनहि त्यांचें एकमेकींकडे जाणेंयेणें बेताचेंच होतें. बिंदूचें स्थान दोन अंतरांनीं सांगावें, आणि त्या अंतरांमधील नातें समीकरणांत मांडावें. मग सबंध आकृति एका ओळींत सामावते, हें त्यानें दाखविलें.

समजा, एक सायकलस्वार राजगुरुनगरहून पुण्याकडे ४ किलोमीटर गेल्यावर आपण घड्याळ लाविलें, आणि पुढें तो ताशीं १२ किलोमीटर वेगानें चालला. तासांना क्ष व राजगुरुनगरपासूनच्या अंतराला य म्हटलें, तर य = १२क्ष + ४. क्ष शून्य असतां य ४, एक असतां १६, दोन असतां २८. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर अंतर घेऊन हे बिंदु मांडा व पट्टी लावा. तिन्ही एका सरळ रेषेंत येतात. कारण दर तासाला बाराचीच भर पडते. रेषा उभ्या अक्षाला ४ वर छेदते, तें आरंभींचें अंतर. १२ हा तिचा चढ. वेग वाढला तर रेषा अधिक उभी होईल. स्वार चाकणला चहासाठीं थांबला, तर तेवढा वेळ ती आडवी जाईल. पुष्कळ मुलें कोष्टक बिनचूक करितात, पण रेषा काय सांगते हें तिला विचारीतच नाहींत. खरी गंमत तर तेथेंच आहे.

छतावरील माशी पाहून देकार्तला ही कल्पना सुचली, ही गोष्ट रंजक खरी, पण तिला आधार नाहीं. आजच्यासारखे परस्परांस लंब अक्षहि त्याच्या ग्रंथांत नियमानें आढळत नाहींत; ती घडी पुढील गणितज्ञांनीं बसविली. अज्ञात राशींस वर्णमालेचीं शेवटचीं अक्षरें योजण्याची चाल मात्र त्याचीच.

१६४० मध्यें त्याची पांच वर्षांची मुलगी तापानें वारली. १६४९ मध्यें स्वीडनच्या क्रिस्तीना राणीनें त्यास शिकविण्यासाठीं बोलाविलें. जन्मभर उशिरां उठणाऱ्या या मनुष्यास तेथें कडाक्याच्या थंडींत पहांटे पांचला धडे द्यावे लागले. ११ फेब्रुवारी १६५० रोजीं फुप्फुसाच्या दाहानें त्याचा अंत झाला.

तुलूझचा न्यायाधिकारी पिएर द फर्मा यानेंहि त्याच सुमारास, स्वतंत्रपणें, हाच मार्ग शोधिला होता. एकघाती समीकरणाची आकृति सरळ रेषाच असते, हें त्यानें स्पष्ट लिहिलें. पण तें लिखाण छापून निघालें १६७९ मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनीं.